सिल्व्हर स्विफ्टचा एकच दरवाजा रंगवला, समोरून ठीक पण तिरकं बघितलं की काळपट. काय करावं?

सिंहगडरोडवाला

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. गाडी स्विफ्ट २०१९ ची, रंग सिल्की सिल्व्हर, प्लेटवर कोड झेड२एस आहे. मागच्या महिन्यात धायरी फाट्याजवळ ट्रॅफिकमध्ये उभा असताना एक टेम्पो डावीकडून मागचा दरवाजा घासून गेला, थांबला पण नाही. डेंट आणि चांगला लांब ओरखडा. क्लेम टाकला नाही कारण एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सवलत) ५० टक्क्यांवर आलाय, एका दरवाजासाठी कशाला घालवायचा. ओळखीतून एक गॅरेज मिळालं, डेंटिंग पेंटिंग दोन्ही करतात, तो एकच दरवाजा करून घेतला.

संध्याकाळी ट्यूबलाइटखाली गाडी ताब्यात घेतली तेव्हा काहीही फरक दिसला नाही, वाकून वाकून बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी उन्हात बघतो तर समोर उभं राहिलं की नवीन दरवाजा बाकीच्यापेक्षा जरा जास्तच चमकतो, आणि हेडलाइटपाशी जाऊन गाडीच्या अंगालगत तिरकं बघितलं की तोच दरवाजा काळपट, सरळ दुसऱ्या गाडीचा वाटतो. मोबाइलवर फोटो काढला तर कधी दिसतो कधी नाही, म्हणून गॅरेजवाल्याला पाठवून पण उपयोग नाही.

तो म्हणतो कंपनी कोडचाच रंग आहे साहेब, मी काय घरी बनवला का, नवीन आहे, थोडे दिवस उन्हात राहिला की बसेल, नाहीच बसला तर रबिंग पॉलिश मारून देतो. बायको म्हणते तुझ्याशिवाय कुणाला दिसत नाहीये. बाबांचं म्हणणं आता बाकी कशाला हात लावू नको, कंपनी पेंट आहे, एकदा मारला की विकताना भाव पडतो.

तर खरंच उन्हात बसतो का? कोड एकच तर रंग वेगळा कसा? आणि अजून एकाने सांगितलं की पुढचा दरवाजा आणि मागचं क्वार्टर (मागच्या चाकावरचा पत्रा) पण ब्लेंड करावं लागेल, म्हणजे नवीन रंग त्यांच्यावर विरवत न्यावा लागेल, म्हणजे एकाच्या जागी तीन पॅनेलचे पैसे, हे खरं असतं का कापायचा धंदा?


कट्ट्यावरचा_शहाणा

उन्हात बसायला तो रंग आहे की पापड?

पैसे पूर्ण दिलेत का? थोडे राहिले असतील तर हातात ठेवा आणि आवाज न चढवता बोला, कारण परत त्याच्याकडूनच करून घ्यायची वेळ येऊ शकते. बाकी रंगातलं भोसरीवाले सांगतील, ते उशिरा येतात.


बूथवाला_भोसरी

आलो. तुम्ही जे लिहिलंय ना, समोरून जास्त उजळ आणि तिरकं काळं, त्यातच अर्धं निदान झालंय. बहुतेक लोक नुसतं "मॅच नाही झाला" म्हणतात आणि मग काही सांगता येत नाही.

मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमच्या अगदी बारीक चपट्या चकत्या असतात, आम्ही फ्लेक म्हणतो. रंग सुकताना त्या कशा पडल्या यावर सगळा खेळ आहे. सगळ्या पत्र्याला समांतर आडव्या पडल्या तर समोर उभ्या माणसाकडे भरपूर प्रकाश परत येतो म्हणून समोरून चकाकतं, पण तिरक्या नजरेकडे फारसं काही येत नाही, म्हणून काळं. त्याच फ्लेक वेड्यावाकड्या कोनात अडकल्या तर समोरून थोडं मंद आणि तिरकं उजळ. समोरच्या शेडला फेस आणि तिरक्या शेडला फ्लॉप म्हणतात. डबा तोच, गन तीच, फक्त मारायचा हात बदलला तरी दोन दरवाजे वेगळे दिसतात. प्रेशर जास्त, गन लांब, माल कमी, असा कोरडा कोट मारला की फ्लेक आडव्या बसतात. ओला कोट मारला की थर सुकायला वेळ घेतो आणि फ्लेक आतल्या आत फिरून कशाही कोनात थांबतात. तुमचा दरवाजा कोरडा मारलाय असं तुमच्या वर्णनावरून तरी वाटतं, प्रत्यक्ष बघितल्याशिवाय शपथेवर सांगणार नाही.

आणि त्यात हा एप्रिल. दुपारी ३८-३९ डिग्री, पत्र्याच्या शेडखाली त्याच्याहून वर, आणि गॅरेजमध्ये बारा महिने तोच एक फास्ट थिनर. गनमधून निघालेला थेंब दरवाजाला लागेपर्यंत त्यातला बराच थिनर हवेत उडालेला असतो, मग मारणारा कितीही चांगला असू दे कोट कोरडाच पडणार. उन्हाळ्यात स्लो थिनर वापरायचा असतो, कुठला थिनर कुठल्या तापमानाला ते कंपनीच्या माहितीपत्रकात सरळ लिहिलेलं असतं, पण फास्ट घेतला की गाडी लवकर सुटते ना.

आता कोडचं. कोडने फक्त शोधायचं कुठे ते कळतं. एकाच कोडच्या गाड्या वर्षानुवर्षं निघतात, रंगाच्या बॅच बदलतात, कधी प्लांट बदलतो, म्हणून रंगाच्या कंपन्या एका कोडखाली मूळ फॉर्म्युला आणि सोबत दोन चार व्हेरिएंट ठेवतात, कुणी जास्त निळसर, कुणी जरा जाड फ्लेकवाला, कुणी तिरकं उजळ. चांगल्या दुकानात त्याच्या चिप्सचा, म्हणजे रंगाच्या नमुन्यांचा, जुडगा असतो, तो गाडीला लावून बघायचा आणि मग कुठला व्हेरिएंट ते ठरवायचं. नुसता कोड सांगून डबा आणला तर मूळ फॉर्म्युला मिळतो आणि तो तुमच्या गाडीला बसेल का नाही हे नशिबावर. शिवाय मिक्सिंग करताना टिंटरचे (मिसळायच्या मूळ रंगांचे) डबे नीट हलवले नाहीत तर फ्लेक तळाशी बसलेल्या असतात, वजनकाट्यावर ग्रॅम बरोबर आणि रंग चूक.

कंपनीत हाच रंग रोबो मारतो, रंगाच्या थेंबांना विजेचा चार्ज देऊन, आणि बॉडी भट्टीत साधारण १४० डिग्रीला भाजली जाते. आपल्याकडे हाताने गन, आणि बूथ (रंग मारायची बंद खोली) असला तर ६० डिग्रीला अर्धा तास, नसला तर वाऱ्यावर. त्यामुळे तंतोतंत तोच रंग हे मेटॅलिकमध्ये जवळपास होतच नाही, जवळ जाता येतं. उरलेला फरक नजरेला सापडू द्यायचा नाही त्यासाठीच ब्लेंडिंग. कापायचा धंदा नाही तो. उलट मी तर सिल्व्हर गाडीचा मधलाच एक दरवाजा ब्लेंड न करता करून द्या म्हटलं की काम घेत नाही, नंतरची कटकट नको.

उन्हात बसत नाही. फ्लेक ज्या कोनात अडकल्या त्या अडकल्या, वर क्लिअरचा, म्हणजे बिनरंगी चमकदार लेपाचा, थर आहे, त्या आता हलणार नाहीत. पॉलिशने फक्त वरच्या क्लिअरची चमक बदलते. एक मात्र करून बघा, बाजूच्या जुन्या दोन्ही पॅनेलला आधी नीट पॉलिश करा आणि मग तुलना करा. सहा वर्षांचं क्लिअर उन्हाने आणि वॉशिंगने मंद झालेलं असतं, थोडा फरक तिथला पण असू शकतो. रंग मॅच करायच्या आधी आम्ही हेच करतो, नाहीतर मळलेल्या पत्र्याशी मॅच होतो.


रविवारचा_मेकॅनिक

मस्त माहिती दादा. एक विचारतो, मशीनने स्कॅन करून रंग बनवतात ना हल्ली? मग हा सगळा प्रश्न सुटायला पाहिजे.


बूथवाला_भोसरी

स्पेक्ट्रोफोटोमीटर म्हणतात, आमच्याकडे आहे. मेटॅलिकसाठीचा असतो तो तीन किंवा त्याहून जास्त कोनातून रीडिंग घेतो आणि साठवलेल्या फॉर्म्युल्यांमधून जवळचा काढून देतो. काम खूप सोपं होतं, पण कोट कोण कसा मारणार हे मशीनला माहीत नसतं. म्हणून टेस्ट कार्ड मारावंच लागतं. पत्र्याचं किंवा जाड कागदाचं कार्ड, ज्या गनने आणि ज्या प्रेशरने दरवाजा मारणार त्याच गनने त्याच प्रेशरने, खाली तोच ग्रे शेडचा प्रायमर, वरून क्लिअर पण मारायचं कारण बेस कोट, म्हणजे क्लिअरच्या खालचा रंगाचा थर, क्लिअरशिवाय वेगळाच दिसतो, सुकू द्यायचं, आणि मग गाडीला लावून तीन कोनातून बघायचं. तिरकं काळं दिसलं तर टिंटिंग करायचं, म्हणजे रंगात थोडं थोडं मिसळून शेड सुधारायची, फ्लॉप उजळ करायला त्यात टाकायचा वेगळा कंट्रोलर येतो, किंवा अगदी थोडा पांढरा टाकला की तिरकं उजळतं पण समोरून जरा मंद होतं, एकाला ओढलं की दुसरं सरकतं. यात एक दीड तास जातो. हा तास दीड तास कुणी धरत नाही म्हणून सगळं होतं.

मॅच झालेली कार्डं मागे व्हेरिएंट आणि प्रेशर लिहून आम्ही खोक्यात ठेवून देतो. ती खोकी मशीनपेक्षा जास्त उपयोगी पडतात असं माझं मत आहे, मालकाला पटत नाही.


नानापेठ_जुनेजाणते

पोरांनो, आमच्या वेळी यातलं काही नव्हतं. पद्मिनी, अँबॅसिडर, सगळे साधे रंग, एनसीचा (नायट्रोसेल्युलोजचा) डुको मारायचा, आठ कोट, पाण्याच्या पेपरने घासायचं आणि पॉलिश. शेड डोळ्यावर बनवायची. डब्यात काठी बुडवायची, थेंब पत्र्यावर टेकवायचा, कमी जास्त बघायचं, थेंबभर काळा, थेंबभर पिवळा. चिपा नाही आणि मशीन नाही. आणि मॅच व्हायचं बरं का, लोक आजही सांगतील.


बूथवाला_भोसरी

काका, नमस्कार. साध्या रंगात व्हायचं, मान्य, आणि तुमच्या पिढीचा डोळा आमच्याकडे नाही हे पण मान्य. पण काठीचा थेंब मेटॅलिकला चालत नाही. काठीने टेकवलेल्या थेंबात फ्लेक कशाही बसतात, गनमधून वेगळ्या बसतात, त्यामुळे थेंब मॅच झाला तर दरवाजा नक्की चुकणार. आणि साधा रंगसुद्धा ओला असताना एक आणि सुकल्यावर जरा गडद दिसतो, ते तुम्ही अनुभवाने धरून चालायचा, नवीन पोरगा धरत नाही.


नानापेठ_जुनेजाणते

ते बरोबर आहे, सुकल्यावर अर्धी शेड गडद धरायचोच आम्ही. पण एक सांगतो ते मशीनवाले पण ऐका. शेड कधी रात्री बघायची नाही आणि भर दुपारच्या उन्हात पण ठरवायची नाही. सकाळी उत्तरेकडच्या उजेडात. आणि एकाच रंगाकडे टक लावून बसलं की डोळा मरतो, फरक दिसेनासा होतो, मग बाहेर जाऊन चहा घ्यायचा आणि परत येऊन पहिल्या नजरेत जे दिसेल ते खरं. आमचे उस्ताद लाल शर्ट घालून आलेल्या पोराला शेड बघायला उभं करायचे नाहीत, शर्टाचा रंग पत्र्यात उतरतो.


बूथवाला_भोसरी

हे सोळा आणे खरं. म्हणून आमच्यात राखाडी कपडे घालायला सांगतात. फक्त मेटॅलिक सावलीत बघितल्यावर एकदा थेट उन्हात पण बघावा लागतो, फ्लेक जाड की बारीक ते उन्हातच कळतं.

आणि ट्यूबलाइटचं कारण पण हेच. दोन रंग वेगवेगळ्या टिंटरमधून बनलेले असले की एका उजेडात सारखे आणि दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात. ट्यूबच्या उजेडात सगळे रंग पूर्ण नसतातच. त्यात वरून सगळीकडून सारखा उजेड पडला की तिरकी शेड पकडता येत नाही. गाडी कधीही दिवसा आणि मोकळ्यावर आणून ताब्यात घ्यायची.


सिंहगडरोडवाला

बाप रे, एवढं असतं का यात. बूथवाले दादा, खूप आभार. आता ब्लेंडिंगचं जरा समजावून सांगा. पुढचा दरवाजा आणि क्वार्टर पूर्ण घासून परत रंगवणार का? बाबांचा मुद्दा तोच आहे, चांगला कंपनी पेंट का घालवायचा. आणि गॅरेजवाला (आज परत बोललो) म्हणतो ब्लेंडिंग म्हणजे नुसती धूळ मारून फसवणं.


बूथवाला_भोसरी

फसवणं म्हणालात तर हो, नजरेला फसवणंच आहे, पण धूळ मारून नाही.

बाजूच्या पॅनेलचा कंपनी पेंट काढत नाही. त्याच्या वरच्या क्लिअरची फक्त चमक मारतो, हजार दोन हजारच्या पेपरने किंवा करड्या स्कॉचब्राइटने, म्हणजे नवीन क्लिअर पकडेल. खालचा कंपनी बेस, प्रायमर, गंजरोधक कोट सगळं जसंच्या तसं. मग दुरुस्तीच्या दरवाजावर बेस पूर्ण झाकेपर्यंत मारायचा, आणि बाजूच्या दरवाजावर पहिला हात कडेपासून थोडा आत, पुढचा त्याच्याहून थोडा आणखी आत, गन फिरवता फिरवता ट्रिगर सोडत जायचं म्हणजे कडेला गडद थांबत नाही, विरत जातो. साधारण पुढच्या दरवाजाच्या मध्यापर्यंत रंग संपला पाहिजे. मग दोन्ही तिन्ही पॅनेलवर कडेपासून कडेपर्यंत पूर्ण क्लिअर. डोळ्याला फरक कुठे दिसतो, तर जिथे दोन रंग एका रेषेवर भेटतात तिथे, आणि दरवाजाची फट ही आयती रेषा असते. तीच ढकलून पॅनेलच्या पोटात नेऊन पसरवली की फरक उरला तरी सापडत नाही.

गॅरेजवाला धूळ म्हणतोय ती चूक खरंच होते बरं का. विरवलेल्या कडेला माल इतका कमी आणि कोरडा पडतो की सलग थर बनतच नाही, मग तिथे फ्लेक आडव्या न बसता खडबडीत उभ्या राहतात आणि क्लिअर मारल्यावर गडद सावलीची पट्टी दिसते. म्हणून आधी बाजूच्या पॅनेलवर बिनरंगाचा ब्लेंडर ओला मारून ठेवायचा आणि त्या ओल्यात बेस विरवायचा, फ्लेक नीट झोपतात. हे ज्याला माहीत नाही तो ब्लेंडिंगला शिव्या घालतो. शेवटी पूर्ण बेसवर एक हलका हात, प्रेशर कमी, गन नेहमीच्या १५-२० सेंटीमीटरऐवजी साधारण २५-३० लांब, त्याने ढग ढग दिसतात ते निघतात.

क्वार्टरचं थोडं अवघड आहे. दरवाजाला चारी बाजूंनी फट असते, क्वार्टर मात्र वर जाऊन थेट छताला मिळतो, मध्ये सांधा नाही. बेस दरवाजाजवळच विरवायचा तो विरतो, प्रश्न क्लिअरचा आहे. स्वस्तात करणारे वरच्या खांबाच्या अरुंद जागी क्लिअर तोडतात आणि फेडआउट थिनरने कड वितळवून पॉलिश करतात. त्या दिवशी दिसत नाही पण पुढे उन्हाने तिथे रेघ उघडी पडते किंवा क्लिअर सोलतं, आणि रंगाच्या कंपन्या त्या कडेची जबाबदारी घेत नाहीत. खरं म्हणजे क्लिअर छताच्या पट्टीपर्यंत न्यायला पाहिजे. माझं मत विचाराल तर तुमच्या केसमध्ये आधी दरवाजाच परत मारून घ्या, नीट टिंट करून, आणि ब्लेंड पुढच्या दरवाजात द्या. माणूस गाडीच्या बाजूला उभा राहिला की दोन दरवाजे एका सपाटीत दिसतात, तिथला फरक लगेच खुपतो. क्वार्टरला चाकाच्या कमानीचा फुगवटा आहे, उजेड तसाच बदलतो, तिथे रंग जवळ गेला असेल तर खपून जाईल. गेला नाही तर क्वार्टर उघडा. तीन पॅनेल आधीच कबूल करू नका.

बाबांना सांगा की गाडी घेणारे आता थिकनेस मीटर लावतात. कंपनीचा पेंट सगळे थर धरून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, नुसता क्लिअर वाढला तर त्यात चाळीस पन्नास मायक्रॉनची भर पडते. पुट्टी असेल तर आकडा कितीतरी वर जातो. मीटर बघणाऱ्याला हे कळतं. मागचा दरवाजा तर तसाही सापडणारच आहे. काळपट दरवाजा मात्र मीटरशिवायच दिसतो.


सर्व्हे_रिपोर्ट

विम्यावर दोन शब्द कारण प्रश्नात एनसीबी आलाय. मी सर्व्हेच्या कामात आहे. एका दरवाजासाठी क्लेम न टाकणं बरोबरच होतं. साधी पॉलिसी असेल तर आधी कंपल्सरी डिडक्टिबल (क्लेममधला आपण भरायचाच तो ठरलेला भाग), १५०० सीसीपर्यंत १००० रुपये, ते जातात. पेंटिंगमध्ये मटेरियलवर ५० टक्के डेप्रिसिएशन (घसारा), आणि बिलात लेबर मटेरियल वेगळं दाखवलं नसेल तर एकूण पेंटिंगच्या २५ टक्के मटेरियल धरतात. म्हणजे पेंटिंग ८००० चं असेल तर मटेरियल २०००, त्यातले १००० कापले. झिरो डेप (घसारा न कापणारी) पॉलिसी असेल तर हे कापत नाहीत. पण एनसीबी दोन्हीकडे जातो आणि परत २० टक्क्यांपासून सुरुवात.

बाजूच्या पॅनेलचं ब्लेंडिंग मात्र एस्टिमेटमध्ये सुरुवातीलाच लिहून घ्या, ज्यांना क्लेम करायचाय त्यांनी. काम झाल्यावर सांगितलं की आम्हाला नुकसान नसलेलं पॅनेल पास करायला अडचण येते आणि मग सगळे सर्व्हेअरला शिव्या घालतात. आधी सांगितलं तरी सगळे मान्य करतीलच असं नाही, पण गाडी मेटॅलिक आहे, मधला दरवाजा आहे, असं वर्कशॉपने लिहून दिलं तर बोलता तरी येतं.


लाल_आयटेन

थोडं विषयांतर. माझ्या लाल गाडीचा बंपर आणि फेंडर पहिल्या दिवसापासून वेगळा दिसतो, शोरूममधून आणली तेव्हापासून. म्हणजे मला अपघाताची गाडी दिली का?


बूथवाला_भोसरी

तेवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. बंपर प्लास्टिकचा, तो बहुतेक वेळा बॉडीबरोबर रंगतच नाही, वेगळ्या लाइनवर किंवा पुरवठादाराकडे रंगून येतो. १४० डिग्रीला प्लास्टिक वाकडं होईल म्हणून ८० च्या आसपास भाजतात, रंग पण त्यासाठीचा वेगळा. शिवाय बंपरचा कोन आणि फेंडरचा कोन वेगळा, मेटॅलिकमध्ये तेवढ्यानेही फरक दिसतो. रस्त्यावर सिग्नलला उभे राहून नवीन गाड्यांचे बंपर बघा, सवय लागली की सगळीकडे दिसायला लागतं आणि मग झोप उडते.

लाल बघायला सोपा पण झाकायला वाईट. पारदर्शक असतो, खालच्या प्रायमरचा रंग वर येतो. पांढऱ्या प्रायमरवर एक लाल आणि गडद राखाडीवर दुसराच लाल. कोट वाढवत नेले की शेड बदलत जाते. त्यामुळे कुठल्या राखाडीवर मारायचा ते फॉर्म्युल्यातच दिलेलं असतं, ते पाळायचं. पांढऱ्या पर्लची वेगळी तऱ्हा, तिथे बेस, मग पर्लचा मधला कोट, मग क्लिअर, आणि पर्लचे हात जेवढे वाढतील तशी शेड सरकते, म्हणून एकाच कार्डवर एक हात, दोन हात, तीन हात, चार हात असे पट्टे मारून कुठला बसतो बघतात. त्यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.


रविवारचा_मेकॅनिक

शेवटचा प्रश्न, हसू नका. ऑनलाइन कोड टाकून स्प्रे कॅन मिळतात, सोबत टूके क्लिअरचा (हार्डनर मिसळून मारायच्या क्लिअरचा) पण कॅन असतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेंडरचा कोपरा मी स्वतः करू का?


बूथवाला_भोसरी

हसत नाही. बंपरच्या खालच्या कोपऱ्याचा ओरखडा असेल तर करा, हात बसतो. दरवाजा किंवा बोनेट करू नका, कॅनचं प्रेशर आणि फवाऱ्याची रुंदी तुमच्या हातात नसते. पण टूके क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासात गेलं की दम्यासारखा त्रास कायमचा लागू शकतो, आणि साधा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. बंद बेसमेंटमध्ये तर अजिबात नको, तिथे खेळणाऱ्या पोरांचा पण विचार करा. शिवाय शेजारच्या गाडीवर ओव्हरस्प्रे बसला की सोसायटीच्या ग्रुपवर जे होईल ते वेगळं.


सिंहगडरोडवाला

अपडेट देतो. दोन्ही जुनी पॅनेल पॉलिश करून बघितली, समोरून फरक बराच कमी झाला, तिरकं मात्र तसाच आहे, म्हणजे दादा म्हणाले तेच. गॅरेजवाल्याला शांतपणे फेस, फ्लॉप, स्लो थिनर वगैरे बोललो, आधी म्हणाला तुम्ही यूट्यूब बघता का, मग जरा नरम आला. ठरलं असं की आधी टेस्ट कार्ड मारून दाखवायचं, मी सकाळी येऊन गाडीला लावून बघणार, पटलं तरच दरवाजा परत मारायचा आणि पुढच्या दरवाजात ब्लेंड. मागच्या दरवाजाचे पैसे तो दुसऱ्यांदा घेणार नाही, पुढच्या दरवाजाचे मी देणार, क्लिअर आणि ब्लेंडिंगचे, पूर्ण पॅनेलचे नाहीत. बाबांना मायक्रॉन सांगितले, ते म्हणाले बरं. पावसाळ्याच्या आधी उरकून घेऊ ना? आणि नंतर काय काळजी घ्यायची?


बूथवाला_भोसरी

व्यवहार बरा केलात. हो, जूनच्या आत उरका. त्याच्याकडे बूथ नसेल तर पावसाळी हवेत थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि त्यावर दव धरून रंग पांढुरका पडू शकतो. झाल्यावर महिनाभर वॅक्स, सिरॅमिक काही नको, क्लिअरमधला थिनर पूर्ण निघू द्या. पक्ष्याची घाण पडली तर लगेच पाण्याने धुवायची, नवीन क्लिअरवर डाग पटकन बसतो.

अजून एक, पुढच्या दरवाजाचं हँडल, आरसा आणि काचेखालची बीडिंग काढूनच मारायला सांगा. नुसती टेप लावून मारलं की बीडिंगच्या कडेला क्लिअरची धार राहते आणि पुढे तिथूनच सुटायला लागतं. तो म्हणेल क्लिप तुटतील. तुटतातच एखाद दोन.


सिंहगडरोडवाला

क्लिप सुट्या मिळतात का कुठे? शोरूमला पूर्ण बीडिंगच घ्या म्हणाले.


नानापेठ_जुनेजाणते

नाना पेठेत मिळतील की. तुटलेली सोबत घेऊन ये, गाडीचं नाव सांगून मागू नको, दिसायला सारखी पण मापाला वेगळी देतात. आणि दोन जास्तीच्या घे.